अपडेटनंतर मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह दिसत नाही? 'फॉरमॅट' दाबण्याआधी हे वाचा

आईच्या फोनला अँड्रॉइडचं नवं अपडेट आलं होतं. रात्री फोन चार्जिंगला लावून ते मीच इन्स्टॉल केलं. सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अरे, कार्डातलं सगळं कुठे गेलं?" बघतो तर गॅलरी अर्धी रिकामी, आणि वर एक नोटिफिकेशन: एसडी कार्डमध्ये अडचण आहे, ठीक करण्यासाठी टॅप करा.

त्या कार्डात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आईने दोन वर्षं जमेल तसं बसून रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही. कॉपी दुसरीकडे कुठेच नव्हती.

कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात दाखवलं तर उत्तर आलं, "फॉरमॅट मारला की चालू होईल." गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. कार्ड चालू झालंच असतं. ओव्या तेवढ्या गेल्या असत्या.

म्हणून आजच्या लेखात आपण सविस्तर पाहणार आहोत: ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट किंवा अपग्रेड केल्यावर मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क का दिसत नाही, कोणत्या क्रमाने तपासायचं, आणि कोणतं बटण अजिबात दाबायचं नाही.

सगळ्यात आधी: या चार गोष्टी करू नका

१. 'फॉरमॅट', 'सेट अप', 'इनिशियलाइझ' असं काही विचारलं तर लगेच 'हो' म्हणू नका. सिस्टीमला फक्त डिव्हाइस वापरण्याजोगं करायचं असतं. आत काय आहे याच्याशी तिला घेणं नसतं.
२. फोन फॅक्टरी रीसेट करू नका. का, ते पुढे एका मित्राच्या उदाहरणात कळेल.
३. त्या कार्डावर नवीन फोटो, डाउनलोड, काहीही टाकू नका.
४. कार्ड पुन्हा पुन्हा काढ-घाल करू नका. विशेषतः फोन चालू असताना.

'दिसत नाही' म्हणजे नेमकं काय?

पाहुणा घरी येतो तेव्हा काय होतं? आधी बेल वाजते. मग कोणीतरी दार उघडतं. मग त्याची भाषा कळावी लागते. आणि शेवटी त्याला कोणत्या खोलीत जाऊ द्यायचं ते ठरतं. स्टोरेजचंही तसंच आहे.

- बेल: कार्ड किंवा ड्राइव्ह विजेच्या पातळीवर जोडलं जाणं. स्लॉट, केबल, पोर्ट.
- दार उघडणारा: ड्रायव्हर. सिस्टीमचा तो भाग जो हार्डवेअरशी बोलतो.
- भाषा: फाइल सिस्टीम. फाइल्स कुठे, कशा लिहिल्यात याची पद्धत. फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस ही नावं तुम्ही ऐकली असतील.
- खोली: परवानगी. विंडोजमध्ये ड्राइव्ह लेटर, अँड्रॉइडमध्ये ॲपला मिळालेला ॲक्सेस.

अपडेट यातल्या कोणत्याही पायरीवर गडबड करू शकतं. आपल्याला फक्त गाडी कुठे अडली ते शोधायचंय. चांगली गोष्ट ही की चारपैकी तीन पायऱ्यांवर डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, फक्त रस्ता बंद झालेला असतो. धोका खरा तिसऱ्या पायरीवर.

फोनमध्ये मेमरी कार्ड दिसत नसेल तर

पायरी १: थोडं थांबा. मोठ्या अपडेटनंतर अँड्रॉइड फोटो-व्हिडिओंची यादी नव्याने तयार करू शकतं. कार्डात हजारो फोटो असतील तर गॅलरी काही वेळ रिकामी दिसते. फोन चार्जिंगला लावा, तासभर वाट पाहा. तोपर्यंत सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा. तिथे कार्डचं नाव आणि भरलेली जागा बरोबर दिसत असेल, तर कार्ड ठीक आहे आणि अडचण फक्त गॅलरीची आहे. फाइल मॅनेजरमधून फोल्डर उघडून खात्री करून घ्या.

पायरी २: फोन पूर्ण बंद करून कार्ड बसवा. रीस्टार्ट नाही, बंद. पिनने ट्रे काढा, कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा, ट्रेमध्ये नीट बसवा, मग फोन चालू करा. हायब्रिड स्लॉट असेल तर आठवा: त्या जागेत एकतर दुसरं सिम, नाहीतर कार्ड. दोन्ही नाही.

पायरी ३: कार्ड दुसरीकडे लावून बघा. हीच सगळ्यात महत्त्वाची तपासणी. दुसरा फोन नको, शक्यतो कार्ड रीडर आणि लॅपटॉप घ्या. फोन लगेच फॉरमॅटचा आग्रह धरतो, लॅपटॉपवर निदान 'कॅन्सल' म्हणता येतं. लॅपटॉपवर फाइल्स दिसल्या तर पहिलं काम दुरुस्तीचं नाही, कॉपी करण्याचं. मी हेच केलं. विंडोजने 'या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारलं. ती खिडकी बंद केली आणि आधी ओव्यांचं फोल्डर डेस्कटॉपवर ओढलं. दोन व्हिडिओ कॉपी झाले नाहीत, पण ओव्या सगळ्या आल्या. आईने पहिली फाइल लावली आणि आम्ही दोघं काही न बोलता ऐकत बसलो.

मग कार्ड खराब कशामुळे झालं? बहुधा अपडेटच्या रीस्टार्टच्या वेळी कार्डावर काहीतरी लिहिलं जात होतं आणि फाइल सिस्टीमची नोंदवही अर्धवट राहिली. फॅट३२ आणि एक्सफॅट या साध्या फाइल सिस्टीम आहेत. मध्येच वीज गेली किंवा कार्ड निघालं, तर त्यांना स्वतःला सावरण्याची सोय फारशी नसते.

पायरी ४: अपडेट हा फक्त योगायोग आहे का? हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपण फोन महिनोन्महिने रीस्टार्ट करत नाही. कार्ड आतून मरायला टेकलेलं असतं, पण एकदा जोडलं गेलेलं असल्यामुळे कसंबसं चालत राहतं. अपडेटनंतर फोन रीस्टार्ट होतो, कार्ड पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि तेव्हा कळतं की ते गेलंय. शिव्या मात्र अपडेटला. फ्लॅश मेमरी ठराविक वेळाच लिहिता-पुसता येते. बरीच कार्डं शेवटी 'फक्त वाचा' अवस्थेत जातात: फाइल्स दिसतात, पण डिलीट केलेली फाइल पुन्हा हजर. असं दिसलं तर समजा, कार्ड जाता जाता तुम्हाला कॉपी करायची संधी देतंय.

कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' केलं होतं का? मग नियम वेगळे

आता त्या मित्राची गोष्ट. त्याच्या फोनमध्ये १६ जीबी जागा होती. त्याने ६४ जीबीचं कार्ड टाकून ते 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलं. ही सोय अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ मध्ये आली. यात कार्ड फोनचाच एक भाग बनतं: ते नव्याने फॉरमॅट होतं, त्यावरचं सगळं एन्क्रिप्ट होतं, आणि कुलपाची किल्ली फोनच्या आत राहते.

अपडेटनंतर त्याचा फोन सारखा अडकू लागला. दुरुस्तीला दिला. तिथे फॅक्टरी रीसेट केला आणि हसत परत दिला. फोन मस्त चालू. पण रीसेटमध्ये किल्ली पुसली गेली होती. कार्डातले बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ आजही बहुधा त्या कार्डातच आहेत, पण ते उघडणारी किल्ली जगात कुठेही नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअरला त्यात फक्त अर्थहीन आकडे दिसतात.

म्हणून लक्षात ठेवा:

- असं कार्ड लॅपटॉपला लावलं तर ते वाचता येत नाही आणि विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. याचा अर्थ कार्ड खराब आहे असा नाही.
- ते ज्या फोनचं आहे, त्याच फोनमध्ये परत बसवा. साध्या अपडेटने किल्ली जात नाही, फॅक्टरी रीसेटने जाते.
- फोन दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: "रीसेट करायचा नाही. करावाच लागला तर आधी फोन करा."

कार्ड 'पोर्टेबल' आहे की 'इंटर्नल', हे सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये दिसतं. आज, सगळं व्यवस्थित चालू असताना, एकदा बघून ठेवा.

कार्ड दिसतंय, पण ॲपला फाइल्स दिसत नाहीत

ही चौथी पायरी, परवानगीची. अँड्रॉइडने गेल्या काही वर्षांत ॲप्सची मोकळीक टप्प्याटप्प्याने कमी केली आहे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये ॲप्सना कार्डावर स्वतःच्या फोल्डरबाहेर लिहिणं बंद झालं आणि तेव्हा भरपूर आरडाओरडा झाला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून 'स्कोप्ड स्टोरेज' आलं, आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये ते अधिक कडक झालं. हेतू चांगला आहे: टॉर्चच्या ॲपला तुमचे सगळे फोटो कशाला बघू द्यायचे?

पण अपग्रेड केल्यावर जुना म्युझिक प्लेअर किंवा फाइल मॅनेजर अचानक आंधळा होतो. उपाय:

१. प्ले स्टोअरमधून ते ॲप अपडेट करा.
२. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, परवानग्या असं जाऊन फोटो, व्हिडिओ, ऑडिओ यांचा ॲक्सेस तपासा.
३. फाइल मॅनेजरला 'सर्व फाइल्सचा ॲक्सेस' ही वेगळी परवानगी लागते. ती फक्त विश्वासू ॲपलाच द्या.
४. ॲपने फोल्डर निवडायला सांगितलं तर कार्डातलं हवं ते फोल्डर निवडून 'हे फोल्डर वापरा' दाबा.

असाच अजून एक गोंधळ व्हॉट्सॲपचा. 'व्हॉट्सॲप नावाचं फोल्डरच गायब झालं' अशी तक्रार बरेच जण करतात. गायब नाही, त्याचा पत्ता बदललाय. नव्या अँड्रॉइडवर ते फोनच्या स्टोरेजमध्ये 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आत 'मीडिया' या फोल्डरमध्ये असतं.

पेनड्राइव्ह फोनला लावला, पण काहीच होत नाही

फोनला पेनड्राइव्ह जोडण्याच्या सोयीला ओटीजी म्हणतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजीचं बटण सेटिंग्जमध्ये वेगळं असतं, आणि काही वेळ वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ जागी आली की हे बटणही बंद सापडू शकतं. सेटिंग्जच्या शोध चौकटीत 'ओटीजी' टाइप करा, लगेच सापडेल.

बटण चालू असूनही दिसत नसेल तर भाषेचा प्रश्न असू शकतो. विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह बऱ्याच अँड्रॉइड फोनना वाचता येत नाही. एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टची २००६ ची फाइल सिस्टीम. तिची माहिती कंपनीने २०१९ मध्ये खुली केली आणि त्यानंतर ती लिनक्सच्या गाभ्यात आली. अँड्रॉइड त्याच गाभ्यावर चालतं. तरी जुन्या फोनमध्ये एक्सफॅट चालेलच असं नाही. तुम्ही फोनवर कस्टम रॉम टाकली असेल तर हे आधी तपासा, कारण कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असलेला एक्सफॅटचा आधार त्या रॉममध्ये नसू शकतो.

लक्षात ठेवायचा सोपा हिशोब:

- फॅट३२: जवळपास सगळीकडे चालते, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही.
- एक्सफॅट: मोठ्या फाइल्स चालतात. ३२ जीबीपेक्षा मोठ्या, म्हणजे एसडीएक्ससी कार्डांसाठी हीच ठरलेली आहे. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते.
- एनटीएफएस: विंडोजची घरची. मॅकवर वाचता येते, पण थेट लिहिता येत नाही.

आणि फोन केबलने लॅपटॉपला जोडल्यावर फोनच दिसत नसेल, तर नोटिफिकेशन खाली ओढा. बहुतेक वेळा तिथे 'फक्त चार्जिंग' असतं. त्यावर टॅप करून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तरीही नाही तर केबल बदला, कारण स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंगच्याच असतात.

विंडोज अपग्रेडनंतर हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह दिसत नसेल तर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कॉलेजच्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकणाऱ्यांची संख्या वाढली आहे. इथे क्रमाने जा.

पोर्ट आणि केबल. दुसऱ्या पोर्टला लावा. मधला हब काढून थेट जोडा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला वीज कमी पडली तर ती नुसती टिक-टिक करते. तसा आवाज थांबतच नसेल तर प्रयोग थांबवा. तो बिघाड यांत्रिक असू शकतो.

डिस्क मॅनेजमेंट. कीबोर्डवर विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे जे दिसेल त्यानुसार ठरवा:

- डिस्क आहे, पण लेटर नाही: राइट क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'ॲड', आणि रिकामं अक्षर निवडा. डेटाला धक्का लागत नाही.
- 'ऑफलाइन' लिहिलंय: डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा.
- 'रॉ' लिहिलंय: फाइल सिस्टीम वाचता येत नाही. फॉरमॅट करू नका, खालचा रिकव्हरीचा भाग वाचा.
- 'अनअलोकेटेड' किंवा 'नॉट इनिशियलाइझ्ड': नवीन व्हॉल्यूम बनवू नका. आत डेटा असेल तर आधी तो काढायचा.
- काहीच दिसत नाही: अडचण पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे. म्हणजे केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हर.

ड्रायव्हर. त्याच मेनूतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. डिस्क ड्राइव्ह किंवा यूएसबीच्या यादीत पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, ड्राइव्ह काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, पुन्हा लावा. यात फक्त ड्रायव्हरची नोंद जाते, फाइल्स नाही. फरक पडला नाही तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर घ्या.

बिटलॉकर. अपग्रेडनंतर ड्राइव्हने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. ती अनेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघा.

परत मागे. विंडोज ११ वर अपग्रेड केल्यापासून साधारण १० दिवस 'रिकव्हरी' सेटिंगमधून आधीच्या विंडोजवर परत जाता येतं. जुन्या प्रिंटर-स्कॅनरसारखं एखादं डिव्हाइसही सोबत बंद पडलं असेल तर हा मार्ग लक्षात असू द्या.

हे फक्त आपल्याच बाबतीत होतं असं नाही बरं का. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटवेळी मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं होतं की यूएसबी ड्राइव्ह किंवा एसडी कार्ड लावलेलं असताना अपडेट केलं तर ड्राइव्हची अक्षरं चुकीची बदलू शकतात. अशा कॉम्प्युटरवर त्यांनी अपडेट अडवूनच ठेवलं. उपाय काय दिला? ड्राइव्ह काढा आणि मग अपडेट करा.

डेटा खरंच गेला असं वाटत असेल तर

चुकून फॉरमॅट झालं तरी लगेच सगळं संपत नाही. झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेकदा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं शिल्लक असतात. पण त्या पानांवर नवीन लिहिलं की जुनं कायमचं जातं. म्हणून कार्ड तिथल्या तिथे काढून ठेवा. मग कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावा. कार्ड फोनमध्येच ठेवून, केबलने जोडून खोलवर रिकव्हरी होत नाही, कारण त्या जोडणीत कॉम्प्युटरला कार्ड थेट वाचता येत नाही.

'फोटोरेक' हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर फोटो, व्हिडिओ, ऑडिओ शोधून काढतं. फाइलची मूळ नावं मात्र मिळत नाहीत. सापडलेल्या फाइल्स त्याच कार्डावर सेव्ह करू नका, कॉम्प्युटरवर करा. खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि एन्क्रिप्टेड कार्डासाठी याचा उपयोग नाही. 'शंभर टक्के रिकव्हरी' म्हणणाऱ्या अनोळखी ॲपला पैसे आणि फोटो दोन्ही देऊ नका.

पुढच्या अपडेटआधी दहा मिनिटं

१. कार्डातलं महत्त्वाचं निदान एका वेगळ्या जागी कॉपी करा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ ला बंद झाली. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसकट. त्यामुळे आधी न-परतवण्याजोगं काय आहे ते निवडा.
२. कॉपी केलेली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नाही.
३. कार्ड 'पोर्टेबल' असेल तर सेटिंग्जमधून 'अनमाउंट' किंवा 'इजेक्ट' करून, काढून ठेवा आणि मग अपडेट लावा. 'इंटर्नल' असेल तर मात्र काढू नका.
४. लॅपटॉपचे बाहेरचे सगळे ड्राइव्ह काढून मगच अपग्रेड करा.
५. बॅटरी भरपूर आणि चार्जर जोडलेला असू द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कार्ड जुन्या फोनमध्ये दिसतं, नव्यात नाही. असं का?*
एकतर ते जुन्या फोनमध्ये 'इंटर्नल' केलेलं आहे, नाहीतर नव्या फोनला त्याची फाइल सिस्टीम चालत नाही. डेटा जुन्या फोनमधूनच कॉपी करा आणि मग कार्ड नव्या फोनमध्ये फॉरमॅट करा.

*कार्डावर ५१२ जीबी लिहिलंय, पण फाइल्स खराब होतात.*
फारच स्वस्तात घेतलं होतं का? बनावट कार्डं क्षमता खोटी सांगतात. खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. हा अपडेटचा दोष नाही.

*मग फॉरमॅट कधी करायचं?*
डेटा दुसरीकडे सुरक्षित आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर. त्याआधी नाही.

आईचं कार्डही मी शेवटी फॉरमॅट केलंच. पण ओव्या लॅपटॉपवर, मामाच्या पेनड्राइव्हवर आणि क्लाउडवर गेल्यानंतर. काही महिन्यांनी ते कार्ड खरंच मेलं. तेव्हा आईने ते काढून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "नवीन केवढ्याला येतं?"

तुमचं कार्ड किंवा ड्राइव्ह कोणत्या पायरीवर अडलंय ते फोनच्या मॉडेलसह कमेंटमध्ये लिहा. आणि ज्यांच्या घरी आई-बाबांचा फोन तुम्हीच अपडेट करता, त्यांच्यापर्यंत हा लेख नक्की पोहोचवा.